क्रम बरोबर, आकडा चूक: डॉक्टरसाहेबांच्या आक्षेपाला उत्तर

आदरणीय डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

मुखकर्करोगाच्या भाकीत-मॉडेलांवरील (रुग्णाची जोखीम आकड्यात सांगणाऱ्या गणिती सूत्रांवरील) माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, ज्याचा सी-निर्देशांक (मॉडेल किती चांगले हे मोजणारा आकडा, कमाल १) ०.८० च्या वर आहे असे मॉडेल इंदूरच्या रुग्णांवर पुन्हा तपासत बसणे म्हणजे वेळ दवडणे होय. शिवाय आमच्याकडची रुग्णसंख्याही त्यासाठी अपुरी आहे, असेही आपण म्हणता.

सी-निर्देशांक केवळ क्रम पाहतो: दोघांपैकी ज्याचा आजार आधी उलटला, त्याची जोखीम मॉडेलने जास्त सांगितली होती का, एवढेच. सर्वांची जोखीम निम्मी करून टाकली तरी क्रम आणि निर्देशांक तसेच राहतात, सांगितलेला प्रत्येक आकडा मात्र चुकतो. मानेत हाताला गाठ लागत नसली तरी आत आजार असण्याची शक्यता २० टक्क्यांहून अधिक असेल तर मानेची शस्त्रक्रियाही सोबतच करावी, हा दंडक आपल्या क्षेत्रात वर्षानुवर्षे वापरला गेला आहे. खरी शक्यता २४ टक्के असताना मॉडेल १२ सांगू लागले, तर त्या रुग्णाची मान तशीच राहून जाईल. तशी ती राहिल्याने काय होते, हे टाटा मेमोरियलच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले: सुरुवातीलाच मानेची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, तर गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

आता इंदूरचा आग्रह का, ते सांगतो. परदेशी नोंदींत जिभेचा कर्करोग अधिक, आपल्याकडे गुटखा-सुपारीमुळे गाल आणि हिरडीचा. मी नोंदी ठेवतो त्या ओपीडीत धारकडून आलेल्या एका गृहस्थांच्या तोंडात दोन बोटेही जात नव्हती. मॉडेलच्या फॉर्ममध्ये या आखडलेल्या जबड्यासाठी रकानाच नव्हता. गाठीची खोली २०१८ पासून टप्पा ठरवण्यात धरली जाते, पण जुन्या कागदांवर ती लिहिलेलीच नाही.

संख्येबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. अशा पडताळणीसाठी निदान १०० घटना (म्हणजे आजार उलटणे किंवा मृत्यू) हव्यात, असा ढोबळ नियम आहे, आणि आमच्याकडे तेवढ्या नाहीत. त्यातही ज्यांचे फोन लागेनासे झाले त्यांना आम्ही बराच काळ हयात धरत आलो, ही चूक मला फार लागली. आता घरोघरी विचारणा सुरू केली आहे. आपल्याकडील रजिस्टरात मृत्यूच्या तारखा असतील, तर नावे वगळून त्या कळवाल का? दोन्हीकडच्या नोंदी जोडल्या तर कदाचित शंभरी गाठता येईल.