वासराचं दूध महिन्यात तोडा म्हणणारा तो मेसेज, आणि त्यातलाच व्हिडिओ

गेल्या पंधरा दिवसात तो मेसेज मला सहा ग्रुपवर आलाय, त्यातला एक तर आमच्या भावकीचा ग्रुप आहे जिथे एरवी वाढदिवस आणि दहाव्याचे निरोप सोडून काही येत नाही. "दूध वाचवा, वासरू लवकर तोडा, अमेरिकन पद्धत" असं वर मोठ्या अक्षरात, खाली सहा मुद्दे आणि सोबत एक छोटा व्हिडिओ. व्हिडिओत काळ्या गाई एका बाजूला हाकलतात, वासरं दुसऱ्या बाजूला, ट्रक येतो, वासरं भरतात, संपलं. मुद्दे असे : वार (व्याल्यावर गाईच्या पोटातून पडणारी झिल्ली) पडल्याशिवाय चीक (व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) पाजू नका. आठव्या दिवशी वासरू आईपासून लांब बांधा आणि महिन्याला दूध पूर्ण बंद करा. दुधातून जंत होतात म्हणून दूध कमीच बरं. ऐकत नसेल तर काटेरी मुसकं घाला. तोडायच्या दिवशीच शिंगं जाळणं, कानाचा बिल्ला, लस सगळं एकदम उरका. आणि गोऱ्हा (नर वासरू) असेल तर दुधाचा खर्चच करू नका.

मी सिन्नर तालुक्यातला, गोठ्यात सात संकरित गाई, आणि मामाकडे इगतपुरीच्या बाजूला डांगी या देशी जातीच्या गाई आहेत, म्हणजे दोन्हीकडचं शेण काढलेलं आहे. म्हणून लिहितोय.

आधी व्हिडिओचं बोलू, कारण लोक मेसेज वाचत नाहीत, व्हिडिओ बघतात. ती दुधाची गुरं नाहीत राव, मांसासाठी पाळलेली आहेत. तिकडे त्या गाईंना कुणी पिळत नाही. वासरू जन्मल्यापासून आईबरोबर कुरणात असतं आणि सगळं दूध तेच पितं. साधारण सहा ते आठ महिन्याला तोडतात, वासरांची वजनं एकमेकांशी ताडून बघायला त्यांनी २०५ दिवस हा हिशोब धरलाय, आणि तोवर ते वासरू दोनशे-अडीचशे किलोचं, गवत खाऊन रवंथ करणारं झालेलं असतं. तेव्हा तोडायचं कारणही वेगळं, आई पुढच्या वेताला गाभण असते, दूध उतरलेलं असतं, थंडी येणार असते आणि तिच्या अंगावर मांस चढायला हवं असतं. दुष्काळ पडला, चारा संपला, तर तीन-चार महिन्यालाही तोडतात, पण तेव्हा पुढे खुराकाची पूर्ण सोय करून. आता सांगा, ज्याने सात महिने आईचं अख्खं दूध प्यायलं त्या वासराचा व्हिडिओ दाखवून तुम्ही आमच्या तीस किलोच्या पिल्लाचं दूध महिन्यात बंद करायला सांगताय? आणि आपल्याकडे २०१५ पासून बैल-गोऱ्हाही कायद्याने कापता येत नाही, म्हणजे तो धंदाच इथे नाही. दुसऱ्याच्या लग्नातली पत्रिका घेऊन आपल्या मांडवात नाचायचं हे.

आता चीक. "वार पडल्याशिवाय चीक पाजू नका" हे अमेरिकन वगैरे काही नाही, हे आपलंच जुनं आहे, माझी आजीही हेच सांगायची, आणि माझा सगळ्यात जास्त राग याच मुद्द्यावर आहे. आमची एक गाय रात्री दोनला व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका, अर्ध्या तासात उभी राहून सड हुडकायला लागली. घरात ठरलं वार पडू दे. वार पडली सकाळी दहाला. तोवर आठ तास ती पोरगी आईच्या पुढच्या पायात तोंड घालत होती, भिंत चाटत होती, आणि आम्ही तिला दाव्याने मागे ओढत होतो. मग पाजला चीक, भरपूर पाजला. चौथ्या दिवशी पिवळी पांढरी हगवण, शेपटी चिकट, डोळे आत गेलेले, कान हाताला गार लागायचे. सलाईन झालं सगळं झालं, सहाव्या दिवशी गेली.

डॉक्टर नंतर जे बोलले ते माझ्या डोक्यात बसलंय. गाईचं गर्भाशय असं की आईच्या रक्तातली प्रतिकारशक्ती पोटातल्या वासरात उतरत नाही, माणसात उतरते तसं इथे नाही. वासरू कोरं जन्मतं. ती शक्ती फक्त चिकातून मिळते, आणि ती आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शिरायचा दरवाजा पहिले सहा तास चांगला उघडा असतो, मग मिटत जातो, चोवीस तासात बंद. नंतर पाजलेला चीक पोट भरतो, आतड्याला थोडा आधारही देतो, पण रक्तात जात नाही. म्हणून जन्मल्यापासून पहिल्या एक-दोन तासात पोटभर, आणि पहिल्या दिवसात एकूण वजनाच्या दहा टक्के तरी, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर. आणि वारेचं म्हणाल तर उलटंच आहे, वासरू सडाला लागलं की गाईच्या अंगात जो पान्ह्याचा हार्मोन सुटतो तोच गर्भाशय आकसवतो, म्हणजे चीक पाजल्याने वार पडायला मदतच होते. बारा तासात नाही पडली तर डॉक्टरला फोन करा, स्वतः हात घालून ओढू नका.

(खरवस खायचा आहे ना, खा की, पण वासराच्या पोटात गेल्यावर उरलेल्याचा.)

दुसरा मुद्दा, आठव्या दिवशी लांब, महिन्याला बंद. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात. वासरू आईपासून वेगळं बांधणं वेगळं आणि वासराचं दूध तोडणं वेगळं. संकरित गाय वासराशिवाय पान्हा सोडते, त्यामुळे पहिल्याच दिवसापासून वासरू वेगळं ठेवून बाटलीने किंवा बादलीने पाजलं तरी चालतं, पुष्कळ गोठ्यात तसंच आहे. पण डांगी गाईचं वासरू आठव्या दिवशी नजरेआड करा बरं, ती पान्हा चोरते, दोन-तीन लिटर देणारी गाय तांब्याभर देते आणि मग आटूनच जाते. मामा म्हणतो, "अरे तिला वासरू दिसलं नाही तर ती मला पण ओळखत नाही." म्हैस पण बरीचशी तशीच. मेसेज लिहिणाऱ्याने घोटीच्या गुरांच्या बाजारात एक चक्कर मारली असती तरी कळलं असतं.

आता दूध कधी तोडायचं. याला महिना-दीड महिना असं वयाचं उत्तर देणारा माणूस मला पटत नाही, कारण वासराचं पोट कॅलेंडर बघत नाही. जन्मताना कोटीपोट (चार पोटांतलं पहिलं) लहान आणि बिनकामाचं असतं, दूध एका पन्हळीतून त्याला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं. कोटीपोट कामाला लागतं ते कोरड्या खुराकाने, भरडा त्यात आंबतो, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्या आम्लांमुळे आतल्या अस्तराला बारीक बारीक कोंब फुटतात, जाड टॉवेलला असतात तसे. त्याच कोंबांतून पुढे चाऱ्याची ताकद अंगात जाते. नुसता कडबा चघळून पोट ताणतं, कोंब फुटत नाहीत, म्हणून महिन्यात दूध बंद करून कडब्यावर टाकलेली वासरं बघा, पोट घागरीसारखं, पाठ करवतीसारखी, केस उभे. दुसऱ्या वासराचे कान चोखत बसतात, बेंबी चोखतात, माती खातात. लोक म्हणतात जंत झाले. कधी जंतही असतात, पण पुष्कळदा ती भूक असते.

आम्ही काय करतो ते सांगतो. पहिल्या आठवड्यातच स्वच्छ पाणी आणि मूठभर काफ स्टार्टर (वासरांसाठीचा भरडा) समोर. "दूध पितंय मग पाणी कशाला" असं म्हणू नका, दूध चौथ्या पोटात जातं, कोटीपोटातला भरडा आंबायला पाणी वेगळंच लागतं. सुरुवातीला खात नाही, नुसतं हुंगतं, तर दूध पाजून झालं की चिमूटभर तोंडात बोटाने लावायचं. उरलेलं रोज काढून टाकायचं, ओलं झालेलं आंबूस वास मारतं, त्याला ते तोंड लावत नाही. एक डबा ठरवलाय, काट्यावर मोजून त्याला खिळ्याने किलोची रेघ मारलीय. सलग तीन दिवस किलोभर खाल्लं की दूध कमी करायला सुरुवात, एकदम बंद नाही, आधी एक वेळचं, मग निम्मं, असं दहा-पंधरा दिवसात. संकरितात हे बहुतेक अडीच-तीन महिन्याला येतं, एखादं दोन महिन्यातही येतं. मामाकडे हा हिशोब नाहीच, तिथे वासरू गाय आटेपर्यंत थोडं थोडं पितच राहतं, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही, फक्त सगळं दूध पिळून घेऊन वासराला रिकामे सड चोखायला सोडू नका.

आणि वाचलेल्या दुधाचा हिशोब? महिन्याऐवजी तीन महिन्याला तोडलं तर जास्तीचे दोन महिने रोज तीन लिटर म्हणजे १८० लिटर. नीट वाढलेली कालवड दीड वर्षाच्या आसपास गाभण राहते, हेळसांड झालेली अडीच-तीन वर्ष नुसती दाव्याला खाते. त्या जास्तीच्या वर्षाचा चारा किती होतो ते ज्याचं त्याने मोजावं.

जंतांचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मान्य. एका जातीचा गोल जंत आईच्या दुधातूनच वासरात येतो, म्हशीच्या पारडांत जास्त, आणि पारडं मरतातही त्याने. पण तो येतो चिकापासूनच्या पहिल्या काही दिवसांत, महिन्याला दूध तोडून काय अडवणार? त्याला इलाज म्हणजे दहा ते पंधरा दिवसांचं असताना जंताचं औषध, डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे.

काटेरी मुसकं. वासरू जवळ गेलं की काटा आईच्या कासेला टोचतो, ती लाथ मारते. दोन दिवसात वासरू शिकतं हे खरं, पण सडाला जखम झाली की पुढे काय होतं ते दगडीचं (कास सुजून कडक होण्याच्या आजाराचं) बिल भरलेल्यांना विचारा. अमेरिकाच पाहिजे असेल तर तिथलंच घ्या ना मग, तिकडे नाकात अडकवायची प्लास्टिकची पट्टी असते, वासरू चरतं, पाणी पितं, फक्त सड तोंडात धरता येत नाही, चार-सात दिवस आईजवळच राहतं आणि मग वेगळं करतात. नाहीतर मधे नुसतं कुंपण. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा २००३ साली छापलेला अभ्यास आहे, कुंपणापलीकडे आई दिसत असलेली वासरं कमी ओरडली आणि लांब नेलेल्यांपेक्षा त्यांचं वजन जास्त वाढलं. मामाने हे न वाचताच केलं, गोठ्यात मधे बांबू आडवे बांधले. पहिल्या रात्री दोघं ओरडली, दुसऱ्या रात्री वासरू बांबूला टेकून झोपलं आणि गाय वरून मान घालून त्याला चाटत होती, तिसऱ्या दिवशी आवाज नाही.

सगळं एकाच दिवशी उरकणं म्हणजे पोराची शाळा, गाव आणि आई एकाच दिवशी बदलायची आणि वर सुई टोचायची. तोडताना वासरू तसंच खचलेलं असतं, त्यात शिंगं जाळली, लस दिली, गाडीत घातलं की न्यूमोनियाला निमंत्रण. शिंगांच्या कळ्या लहानपणीच, बधिर करून. लाळ-खुरकुताची लस चौथ्या महिन्याच्या आसपास, तोडण्याच्या पंधरा दिवस तरी आधी किंवा नंतर.

गोऱ्ह्याबद्दल फार बोलत नाही. संकरित गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही हे मलाही माहितीय, डांगी गोऱ्ह्याचं तसं नाही, पावसात चिखलात चालणारा बैल म्हणून त्याला अजून घाटात मागणी आहे. पण ज्याला वाढवायचं नाही त्याला उपाशी ठेवून "आपोआप गेलं" म्हणायचं, हे मेसेजमध्ये टाकायला पण हात कसा धजावला कुणास ठाऊक. नको असेल तर पुढच्या वेळी मादी वासरूच होईल अशा रेतनाची चौकशी करा, ते आता मिळतं.

भावकीच्या ग्रुपवर हे टाकलं तर चुलत्याने अंगठा पाठवला आणि विचारलं, मग तुझी ती तांबडी कधी तोडतोस. ७४ दिवसांची झालीय. काल रेघेपर्यंत भरलेल्या डब्यात तळाला दोन बोटं खुराक उरला होता, म्हणून अजून दूध चालू आहे.