फिस्कॉर्न म्हणजे पुढे तोंड केलेलं युफोनियम नव्हे

स्पेनमधल्या कातालोनियातल्या सार्दाना या फेराच्या नाचाला साथ करणारा अकरा जणांचा ताफा म्हणजे कोब्ला. त्यातल्या फिस्कॉर्न या दोन पितळी फुंकवाद्यांबद्दल एक मजकूर सारखा फिरतो: ‘हे मध्ययुगीन वाद्य. खरं तर पुढे तोंड केलेलं युफोनियमच. युफोनियमवाल्याला नवं काही शिकावं लागत नाही. आणि काम? मागे उभं राहून ताल धरणं.’ (युफोनियम म्हणजे बहुधा वर तोंड असलेलं, खालच्या पट्टीतलं पितळी फुंकवाद्य.)

‘मध्ययुगीन’ तर एका ओळीत निकालात निघतं. फिस्कॉर्नला व्हॉल्व्ह, म्हणजे दाबल्यावर जास्तीची नळी जोडून सूर उतरवणाऱ्या कळा, असतात आणि पितळी वाद्यांच्या व्हॉल्व्हचं पहिलं पेटंट १८१८ चं, बर्लिनमधलं. जुन्या छोट्या कोब्लात फ्लाबिओल ही बासरी, लहानसा ढोल, शॉमच्या जातीची सनई आणि बॅगपाइप असे. पितळ आलं ते एकोणिसाव्या शतकात, ताफा वाढला तेव्हा.

युफोनियमचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पसरतो. दोन्हींची नळी रुंद होत जाणारी, ओठांची सवयही जवळपास तीच. पण आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्येही दिसणारं नेहमीचं युफोनियम बी-फ्लॅटचं (व्हॉल्व्ह न दाबता त्याचा मूळ सूर बी-फ्लॅट), तर फिस्कॉर्न सीचं. त्याची मूळ नळी साधारण तीस सेंटिमीटरने आखूड भरते. त्यामुळे फिस्कॉर्नच्या बोटांनी युफोनियम वाजवलं, तर सगळं एक पूर्ण स्वर खाली जातं. बोटं बदलली तरी अडचण उरते. पियानोच्या मधल्या सीपेक्षा एक सप्तक खालचा सी फिस्कॉर्नवर एकही व्हॉल्व्ह न दाबता निघतो. तीन व्हॉल्व्हच्या युफोनियमवर त्यासाठी पहिला आणि तिसरा एकत्र दाबावे लागतात, आणि ही जोडी चढी बोलते, कारण दोन्ही जोडनळ्या मिळूनही लांबी थोडी कमी पडते. चौथा व्हॉल्व्ह असेल तर हे बरंचसं सावरतं. फिस्कॉर्नही या दोषातून सुटलेलं नाही. त्याची चढी जागा एक स्वर वर, डीवर येते. म्हणजे कान आणि ओठ कुठे सांभाळायचे, तेच बदलतं.

तोंड पुढे असणं ही हौस नाही. सार्दाना उघड्या चौकात होते. उभ्या तोंडाच्या युफोनियमचा आवाज वर जातो, नाचणाऱ्यांपर्यंत पोचता पोचता विरतो. पुढे तोंड असलेली युफोनियमही बनतात, हे खरं; पण त्याने सूर बदलत नाही.

‘फक्त ताल’? मागच्या रांगेत उभं राहून ठेक्याचा भार फिस्कॉर्न उचलतात, हे खरंच आहे. पण तेनोरा या सनईसारख्या वाद्याची धून उंच आणि टोकदार. तिच्याखाली चालणारी दुसरी धून बहुतेकदा यांचीच असते. ती जरा जोरात गेली तर तेनोरा झाकते, दबली तर खाली नुसता कॉन्ट्राबास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, ऐकू येतो. शिवाय एखाद्या वाद्याला पुढे आणणाऱ्या ‘ओब्लिगादा’ सार्दानांमध्ये फिस्कॉर्नच्या वाट्यालाही रचना आलेल्या आहेत.