साहेब कधी येणार?

गाडी मर्सिडीझ ई-क्लास, ई २५० सीडीआय, २०१३ ची, चंदेरी, डिझेल. मीटरवर अठ्ठावन्न हजार. नवी होती तेव्हा चाळीस लाखांच्या पुढची, आता साडेदहा लाख आणि 'बसून बोलू'. ठिकाण सिंहगड रस्त्यावरची, नदीच्या अंगाला असलेली एक सोसायटी. मला ही गाडी कशाला हवी होती हे घरात विचारून झालेलं आहे, ते इथं परत नको.

जाहिरातीत 'डॉक्टर ओन्ड' असं लिहिलं होतं. जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायला लागल्यापासून मला प्रश्न पडलाय की महाराष्ट्रातले डॉक्टर पेशंट तपासतात कधी? प्रत्येक गाडी डॉक्टरची. प्रत्येक डॉक्टर फक्त रविवारी गाडी काढणारा. आणि ज्या गाड्या डॉक्टरांच्या नाहीत त्या दिल्लीच्या. हरित लवादानं २०१५ साली तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, त्यानंतर तिथल्या म्हाताऱ्या जर्मन गाड्या इकडं विकायला यायला लागल्या. किंमत वाचून जीव हुरळतो. मग तिकडची एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, इथला नंबर घ्या, एजंटला चहापाणी करा, असं करता करता सगळी स्वस्ताई आरटीओच्या खिडकीतच जिरते. म्हणून मी एमएच-१२ बघूनच फोन लावला होता. शिवाय मर्सिडीझ ही पुण्याची लेकच म्हणायची. १९९५ पासून ती पिंपरीत जुळवली जायची, २००९ पासून चाकणला. म्हटलं, माहेरच्या माणसांकडून घेऊ, फसवणार नाहीत.

बरोबर आमचा मेकॅनिक होता. त्याला तिथूनच पुढं धायरीला मेव्हण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं, त्यामुळे अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल आणि अत्तर इतकं की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघत होता. मला गाडीखाली वाकायचं होतं म्हणून मी घरातला सगळ्यात जुना टी-शर्ट घातला होता. अ‍ॅक्टिव्हा माझी, चालवत मी, मागं तो, मांडीवर स्कॅनरची बॅग घेऊन. पुढचं सगळं रामायण या बसण्याच्या व्यवस्थेतून घडलं.

गाडीचे मालक खाली आलेच नाहीत. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत फोन कानाला लावून उभे होते, तिथूनच त्यांनी हात केला. किल्ली घेऊन ड्रायव्हर आला. आणि पार्किंगच्या खांबाशेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, लेंगा, बनियन आणि गळ्यात दोरीचा चष्मा अशा वेषात एक काका बसले होते. त्यांचा या गाडीशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांची स्वतःची गाडी नव्हती, मालक त्यांचे नातेवाईक नव्हते. खुर्ची पार्किंगमध्ये होती, एवढाच काय तो संबंध.

आम्ही उतरलो तसे काका उठले, थेट मेकॅनिकसमोर गेले आणि खुर्ची पुढं करून म्हणाले, "या साहेब, बसा. ऊन फार आहे."

मग माझ्याकडे वळून, "ए, ती गाडी पलीकडं लाव रे. इथं दूधवाल्याला अडचण होते."

मी लावली. आता तरी मेकॅनिकनं म्हणायला नको का, की काका, घेणारे ते आहेत? तो बसला! गॉगलसकट बसला. वर पायावर पाय टाकला.

मी बॉनेटवर हात ठेवला. चांगलंच तापलेलं. जुनी डिझेल गाडी बघायला जाताना ती गार पाहिजे, हा पहिला नियम. रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्यांदा चालू होते तेव्हाच ती खरं बोलते. इंजिनातली टायमिंग चेन सैल असेल तर सुरुवातीचे काही सेकंद खडखडते, इंजेक्टर गेलेला असेल तर इंजिन थरथरतं, काळा-पांढरा धूर काय तो तेव्हाच दिसतो. एकदा तापली की सगळ्याच शहाण्या. आणि या २१४३ सीसीच्या इंजिनाची टायमिंग चेन पुढं नाही, मागं गिअरबॉक्सच्या बाजूला असते. म्हणजे तिचं काम निघालं की इंजिन बाहेर काढण्यापासून बोलणी सुरू.

"गाडी गरम कशी?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"सकाळी जरा फिरवून आणली. तुम्ही येणार म्हणून."

"बघा साहेब," काका मेकॅनिकला म्हणाले, "तुमच्यासाठी गरम करून ठेवली. एवढं कोण करतं हल्ली?"

मी म्हटलं, "काका, गाडी मी घेतोय."

"हो, हो. घेऊन तूच जाणार. पण पैसे साहेबच देणार ना?"

"नाही, पैसे मीच देणार."

काकांनी माझ्या चपलांकडे बघितलं. मग टी-शर्टकडे. मग पलीकडं लावलेल्या अ‍ॅक्टिव्हाकडे. रागानं नव्हे हो, फार मायेनं म्हणाले, "असं साहेबांसमोर बोलू नये. त्यांनी विश्वासानं आणलंय तुला." आणि खांबाच्या खिळ्यावरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं. "पुढची काच पूस जरा. त्यांना नीट बघू दे."

पुसली मी. काचेच्या कोपऱ्यातली बनावटीची खूण तशीही बघायचीच होती, पण पुसली हे खरं.

काका एव्हाना लिफ्टनं वर जाऊन फ्रिजवरचं मॅग्नेट घेऊन आले होते. थायलंडचं, हत्तीचं. नातवानं आणलेलं. "पुट्टी असली की चिकटत नाही," त्यांनी जाहीर केलं. दारांना लावलं, हत्ती चिकटला. मग बॉनेटवर ठेवलं. हत्ती घसरत घसरत खाली आला आणि त्याची सोंड तुटली. काका एक पाऊल मागं सरले. "बॉनेट प्लॅस्टिकचं आहे!" हे इतक्या मोठ्यानं की बाल्कनीतल्या मालकांनी फोन कानापासून दूर धरला. या मॉडेलचं बॉनेट मुळातच अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्याला लोहचुंबक चिकटायचं नाही, हे मी समजावायला गेलो. काका म्हणाले, "तुला मालकानं शिकवून ठेवलंय का रे?" थोडक्यात, आता मी साहेबांना फसवणारा ड्रायव्हर. कमिशन खाणारा. ही माझी बढती समजावी की काय, ते अजून कळलेलं नाही.

मेकॅनिकला अखेर लाज वाटली असावी, कारण तो उठला आणि पेंट मीटर काढला. दाराच्या पत्र्यावर कंपनीचा रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन भरतो. तीन दारं तशी होती. मागचं उजवं दार साडेतीनशेच्या पुढं. म्हणजे ते दार परत रंगवलेलं. दुचाकीनं घासलं असेल, चालतं तेवढं. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला मी जमिनीवर आडवा झालो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढचे दोन टायर २०२१ चे, मागचे २०१७ चे. नक्षी छान, पण रबर दगड झालेलं आणि बारीक भेगा. मी आडवा असतानाच काकांचा आवाज आला, "साहेब चहा घेतील ना?" साहेबांना आला. माझ्यासाठी ड्रायव्हरनं आपल्यातला अर्धा ओतला, त्याला माझं दुःख कळलं असणार. बाकी सोसायटीत मी त्याच्याच पंगतीतला होतो.

मग मी पुण्यात सगळ्यात महत्त्वाचा असलेला प्रश्न विचारला. "इथं पुराचं पाणी आलं होतं का हो? मागं, जुलैमध्ये?"

ड्रायव्हर किल्लीकडे बघायला लागला. काकांचे डोळे मात्र चमकले.

"मी पाटबंधाऱ्यात होतो. पाण्याचं मला विचारायचं." खुर्ची ओढून बसले. "२५ जुलै २०२४. खडकवासल्यातून विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या वर. पहाटे. झोपेत होते सगळे. मी जागा. मी इथं, या जिन्यावर उभा राहून पाणी मोजत होतो." उठले आणि खांबावर, गुडघ्याच्या जरा वर, बोट ठेवलं. तिथं खरंच एक मातकट रेघ होती आणि तिच्याशेजारी पेन्सिलीनं तारीख आणि वेळ लिहिलेली. "इथपर्यंत. एक इंच इकडं नाही, तिकडं नाही."

"आणि गाडी कुठं होती?"

"इथंच. कुठं जाणार?"

"म्हणजे पाणी गाडीत शिरलं."

"पार्किंगमध्ये शिरलं," काका मला शिकवणी दिल्यासारखे म्हणाले. "गाडीत कसं शिरेल? काचा बंद होत्या."

मी त्या रेघेकडे बघितलं, मग गाडीच्या उंबरठ्याकडे. उंबरठा रेघेच्या वीतभर खाली. ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट मी धरला आणि ओढत गेलो. रोज आपण ओढतो तेवढा नाही, रिळात शिल्लक राहील तेवढा सगळा, शेवटपर्यंत. वरचा काळाभोर, धुतलेला. शेवटच्या हातभरात तपकिरी डाग, आणि जिथं डाग संपत होता तिथं गाळाची एक बारीक, वाळलेली कड. नखानं खरवडली तर माती नखात आली. लोक कार्पेट बदलतात, सीट शॅम्पूनं धुतात, आत लिंबाचा सुगंध सोडतात, पण बेल्ट तळापर्यंत ओढून धुवायचं कुणाला सुचत नाही. रीळ खाली खांबात असतं, पाण्यात आधी तेच बसतं. सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला. बोल्टांना तांबेरा, आणि एका कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या.

मेकॅनिकनं स्कॅनर लावला, गाडीतल्या कॉम्प्युटर युनिटांची दुखणी वाचणारा. पुढं काय, यादीच. या युनिटचा त्या युनिटशी संपर्क तुटला, त्याचा याच्याशी. एकत्र कुटुंबात शोभेल असा अबोला. शिवाय दुसऱ्या एका युनिटात गाडीचं एकूण अंतर साठलेलं होतं, ते निघालं एक लाख एकतीस हजार. मीटरवर अठ्ठावन्न.

"मीटर मध्यंतरी बिघडलं होतं, बदललं," ड्रायव्हर म्हणाला. पाठ केलेलं वाक्य होतं, बिचाऱ्याला दिलं होतं वरून.

काका मात्र निरागस. "यांची मुलगी बाणेरला असते. रोज फेरी. एवढं होणारच की." इतका सच्चा वकील विकणाऱ्याला मिळू नये. मालकांनी दिलेलं प्रत्येक खोटं काकांनी कौतुकानं, पुराव्यासकट मोडीत काढलं, तेही गाडीची बाजू घेत. रविवारी वापरलेली डॉक्टरची गाडी ही. डॉक्टर कोण हे विचारायला मी विसरलो नव्हतो. मालकांचा टाइल्सचा धंदा. मुलगी डेंटिस्ट.

आता मजा बाजूला ठेवून एक सांगतो, कारण ते अजून डाचतंय. साडेदहा लाख ही माझी कमाई आहे, वडिलोपार्जित नाही. ती एखाद्याला द्यायची तर तो माणूस तीन मजले खाली उतरत नाही. त्याच्या घरात लिफ्ट आहे! काका मॅग्नेट आणायला तिच्यातूनच गेले. पुरात बुडालेली गाडी, फिरवलेलं मीटर, आणि विचारलं तर ड्रायव्हरला पुढं करायचं, म्हणजे खोटंही पगारी माणसानं बोलायचं. माझ्याकडून मात्र फोनवरच आधार कार्डाचा फोटो मागितला होता, 'टाइमपास करणारे फार येतात' म्हणून. कागदांचं विचारलं तर आरसीवर अजून बँकेचा बोजा. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कुठाय? "होईल ना, दोन दिवसांचं काम." गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मात्र सह्या करून तयार, तारीख कोरी. विकायची केवढी घाई, आणि खाली यायला सवड नाही. आणि मी नवा शर्ट घालून, भाड्याच्या मोठ्या गाडीतून उतरलो असतो तर? तर हेच गृहस्थ गेटवर आले असते, काजूकतली घेऊन. बेल्ट मात्र कुणी ओढू दिला नसता, हेही तितकंच खरं.

निघताना काकांनी मेकॅनिकचा हात हातात घेतला. "साहेब, घ्या गाडी. पण माणूस बदला," असं हळूच म्हणाले. हळूच म्हणजे मला ऐकू येईल इतपत. मेकॅनिक हसू दाबत अ‍ॅक्टिव्हावर बसला. मागं. मी किक मारली, कारण सेल्फ स्टार्ट त्या दिवशीच रुसायचा होता. धायरीला त्याला सोडलं तेव्हा त्यानं तपासणीचे अडीच हजार घेतले, पूर्ण. चहाचा अर्धा कप मी वजा करून मागितला तर म्हणाला, "सर, तो तर ड्रायव्हरचा होता."

संध्याकाळी मालकांचा मेसेज आला. काकांनी वर जाऊन सगळा अहवाल दिलेला दिसत होता. 'मी ड्रायव्हर लोकांशी व्यवहार करत नाही. तुमच्या साहेबांचा नंबर पाठवा.' मी दोन-तीन उत्तरं लिहिली आणि खोडली. त्यातलं एक बरं जमलं होतं, पण बायको शेजारी होती. शेवटी मेकॅनिकचा नंबर पाठवून दिला.

काल त्याचा फोन आला. आवाजात एक वेगळाच भारदस्तपणा. म्हणाला, "नऊ चाळीसपर्यंत खाली आणलेत. स्वतः भेटायला आले होते गॅरेजवर, पेढे घेऊन. सीट बेल्ट नवे टाकून द्यायला तयार आहेत."