केकसोबत ड्राय आइस गाडीत नेऊ नका

"भर उन्हाळ्यात टियर केक जसाच्या तसा पोचवा! बेकरीवाले सांगत नाहीत ती सहा गुपितं" असा एक मेसेज सध्या होमबेकर्सच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. पण परवा कल्याणहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, पाच किलो ड्राय आइस कुठे मिळेल?" साखरपुड्याचा तीन मजली केक तिला नाशिकला न्यायचाय. गाडीत ती, नवरा आणि मागच्या सीटवर त्यांची लेक. म्हणून हे लिहितेय, आणि जरा चिडूनच लिहितेय.

मेसेजमधली गुपितं अशी: केकच्या खोक्याभोवती पाच किलो ड्राय आइस ठेवा, काचा पूर्ण बंद आणि एसी 'आतली हवा आत' वर, म्हणजे गारवा बाहेर जात नाही. सजवलेला केक रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून दगडासारखा करा. असा केक स्वतःच उभा राहतो, डॉवेलची, म्हणजे आधाराला केकमध्ये खुपसायच्या काड्यांची, गरज नाही. मागच्या मऊ सीटवर ठेवा, धक्के बसत नाहीत. बटरक्रीममध्ये कॉर्नफ्लोअर घाला, ४५ डिग्रीतही वितळणार नाही. आणि वाटेत थांबलात तर काच बोटभर खाली ठेवा.

पहिल्याच गुपितावर थांबू, कारण बाकीच्यांनी फार तर केक जाईल, ह्याने माणूस जाईल.

ड्राय आइस म्हणजे पाण्याचा बर्फ नव्हे, गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. उणे ७८.५ अंशांना तो वितळत नाही, थेट वायू होतो. एका किलोपासून पाचशे लिटरहून जास्त वायू तयार होतो. लहान हॅचबॅकच्या आत हवा असते साधारण तीन हजार लिटर. आता हिशोब करा. कामाच्या जागच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या 'नायॉश' ह्या अमेरिकी सरकारी संस्थेने कार्बन डायऑक्साइडची जिवाला तात्काळ धोका असलेली पातळी ४०,००० पीपीएम, म्हणजे हवेच्या ४ टक्के, ठरवलेली आहे. बाहेरच्या स्वच्छ हवेत तो असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट. तीन हजार लिटरचे ४ टक्के म्हणजे १२० लिटर, आणि तेवढा वायू व्हायला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास ड्राय आइस पुरतो. मेसेज सांगतोय पाच किलो. गाडी काही पूर्ण हवाबंद नसते, फटींतून थोडी हवा येते-जाते, मान्य. पण एसी 'आतली हवा आत' वर टाकून तीही वाट शक्य तेवढी बंद करायची, हा सल्ला देणाऱ्याला काय म्हणावं?

ह्या वायूला वासही नाही, रंगही नाही. हवेपेक्षा तो दीडपट जड, त्यामुळे आधी खाली साचतो. सीटवर आडवं होऊन झोपलेलं पोर नेमकं खालीच असतं. डोकं दुखतं, धाप लागते, गुंगी येते, आणि कसारा घाटात स्टिअरिंगवरच्या माणसाला वाटतं की उन्हाने थकवा आलाय.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये, असं झालेलं आहे. जुलै २०१८, अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य. एका आइस्क्रीमवाल्याच्या गाडीत ड्राय आइस भरलेले चार कूलर ठेवलेले होते. पहाटे त्याची बायको सासूला घरी सोडायला तीच गाडी घेऊन निघाली. सासू गाडीतच गेली, सून अत्यवस्थ अवस्थेत सापडली. ड्राय आइस उघडा नव्हता, कूलरमध्ये होता, तरीही. विमानात एका प्रवाशाला जास्तीत जास्त अडीच किलो ड्राय आइस नेता येतो, तोही कंपनीच्या परवानगीने आणि वायू बाहेर पडेल अशाच पॅकिंगमध्ये. आमचा मेसेज मात्र म्हणतो, "डबा टेपने घट्ट सील करा." घट्ट सील केलेला डबा आतल्या दाबाने फुटतो, एवढं तरी लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं.

बरं, एवढं करून केकचं भलं होतं का? तेही नाही. ड्राय आइसच्या बाजूचं क्रीम गोठून तडकतं आणि खोकं उघडलं की त्यावर पाणी धरतं.

पाण्यावरून डीप फ्रीझरकडे येऊ. गार केक घट्ट असतो आणि प्रवासाला गारच निघावा, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. नुसते स्पंज फ्रीझ करून मग सजवणं तर आपण सगळ्याच करतो. पण सजवलेला, फॉन्डंटचा म्हणजे साखरेच्या लाटलेल्या गोळ्याचा थर चढवलेला केक उणे १८ वरून थेट मे महिन्यातल्या कल्याणच्या हवेत? किनारपट्टीला ह्या दिवसांत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून गार असलेल्या प्रत्येक गोष्टीवर हवेतलं पाणी जमणारच. फॉन्डंट म्हणजे मुख्यतः साखर. ती पाणी ओढते, आधी चकाकते, मग चिकट होते, लाल-निळे रंग ओघळायला लागतात आणि गमपेस्टच्या, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या गोळ्याच्या, फुलांच्या पाकळ्या माना टाकतात. नागपूरच्या कोरड्या उन्हात हा त्रास बराच कमी, त्यामुळे तिकडच्या कोणाला हा उपाय लागू पडलाही असेल. कल्याण-पनवेलला नाही पडणार.

ह्यावर उपाय साधा आहे. केक फ्रीझरमध्ये नाही, साध्या फ्रीजमध्ये गार करायचा. जाड कोरुगेटेड खोक्यात घालून सगळ्या फटी टेपने बंद करायच्या, आणि पोचल्यावर खोकं लगेच उघडायचं नाही. पाणी खोक्याच्या पुठ्ठ्यावर धरतं, केकवर नाही. हॉलवर पोचल्या पोचल्या यजमानीणबाई "बघू तरी!" म्हणत झाकण उचलायला येतात, तेव्हा खोक्याजवळ एका माणसाने उभंच राहायचं.

डॉवेल नको म्हणणाऱ्याने गतिरोधकावरून कधी केक नेलाच नसावा. गोठलेला केक वाटेत मऊ पडत जातो, आणि वरच्या मजल्याचं वजन पेलायला खाली काहीच नसतं. प्रत्येक मजल्याखाली बोर्ड, बोर्डाखाली डॉवेल. दोन मजल्यांना मधून आरपार एक लांब दांडी. तीन मजली असेल तर मी सरळ वेगवेगळ्या खोक्यांत नेते आणि हॉलवर रचते. सोबत जास्तीचं क्रीम भरलेली पायपिंग बॅग आणि स्पॅट्युला, सांधा झाकायला.

सीट मऊ असते खरी, पण सपाट नसते, पाठीकडे उतरती असते. केक कल्याणहून निघतो तेव्हापासूनच कलायला लागतो. सपाट जागा म्हणजे डिकी, नाहीतर पुढच्या सीटसमोरची पाय ठेवायची जागा, सीट मागे सरकवून. खाली जाळीदार रबरी चटई, म्हणजे ब्रेक मारला तर खोकं घसरत नाही. एक लक्षात ठेवा, सेडानच्या बंद डिकीत एसी पोचत नाही. हॅचबॅकमध्ये मागचा ट्रे काढला की पोचतो, मग मागच्या काचेला आतून पांढरं कापड लावून ऊन अडवायचं. एसी निघायच्या आधीच चालू करून गाडी गार करून घ्यायची.

कॉर्नफ्लोअरबद्दल फार लिहीत नाही. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि त्यात कॉर्नफ्लोअर घातल्याने तो आकडा बदलत नाही, फक्त जिभेला पिठूळ लागतं. उन्हाळ्यात बाहेरून गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, लावा: डार्क चॉकलेटला क्रीमच्या दुप्पट, व्हाइटला तिप्पट चॉकलेट.

राहिली बोटभर काच. 'पीडिॲट्रिक्स' ह्या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली एक अभ्यास आला होता, गाडीत ठेवलेल्या मुलांच्या काळजीपोटी केलेला. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून काही फरक पडला नाही. तेव्हा कसाऱ्याला चहा घ्यायचाच असेल तर एकाने एसी चालू ठेवून गाडीत बसायचं आणि दुसऱ्याने चहा गाडीपाशी आणून द्यायचा.