एसएचआर–डब्ल्यूकेवाय तुलनेबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॉलेज रोडवरील आमच्या प्रबंध-सल्ला केंद्राला एक तारा देताना आपण दोन तक्रारी मांडल्या आहेत: अहवाल आठ दिवस उशिरा मिळाला, आणि एसएचआर (आपोआप उच्च रक्तदाब होणारा) व डब्ल्यूकेवाय (तुलनेसाठी घेतला जाणारा, सामान्य रक्तदाबाचा) हे दोन्ही उंदीर विस्टार या प्रयोगशाळेतील उंदरांच्या एकाच कुळातले असताना आपल्या प्रबंधातील त्यांच्या तुलनेवर आम्ही विनाकारण आक्षेप घेतला. उशिराची चूक सर्वस्वी आमची आहे आणि तिच्याबद्दल मी आपली माफी मागतो. आक्षेप मात्र मला मागे घेता येणार नाही.

कूळ एक आहे, हे खरेच. क्योतो येथे ओकामोतो आणि आओकी यांनी रक्तदाब जास्त असलेले विस्टार उंदीर पिढ्यानपिढ्या निवडून एसएचआर वंश तयार केला आणि 1963 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. डब्ल्यूकेवाय त्याच क्योतोच्या विस्टार साठ्यातून पुढे आला. परंतु सख्ख्या भावंडांचा संकर सलग 20 पिढ्या होतो, तेव्हा जनुकाचे कोणते रूप वंशात कायम राहील हे बहुतांशी योगायोगाने ठरते आणि रक्तदाबाशी काहीही संबंध नसलेले असंख्य फरकही दोन वंशांत पक्के होऊन बसतात. त्यात डब्ल्यूकेवाय पुरता शुद्ध होण्याआधीच निरनिराळ्या पैदास केंद्रांकडे गेला, त्यामुळे एका पुरवठादाराचा डब्ल्यूकेवाय दुसऱ्याच्या डब्ल्यूकेवायसारखा असेलच असे नाही. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए ठशांच्या (डीएनएचे तुकडे पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या) तुलनेत या दोन वंशांच्या सुमारे निम्म्याच पट्ट्या जुळल्या होत्या. सख्ख्या नात्यातले म्हणावे असे हे साम्य नव्हे.

एसएचआरमध्ये अधिक सक्रिय दिसलेले जनुक हेच रक्तदाबाचे कारण आहे, असे आपण अभिप्रायातही लिहिले आहे. पण ते कारण आहे असे म्हणण्यासाठी दोन्ही वंशांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्या जनुकाचे एसएचआरमधील रूप आणि वाढलेला रक्तदाब एकत्र उतरतात का, हे निदान तपासावे लागते. आपल्या प्रबंधातील औषधाचा भाग मात्र भक्कम आहे, कारण तिथे खरी तुलना औषध दिलेल्या आणि न दिलेल्या एसएचआर उंदरांची आहे. डब्ल्यूकेवाय केवळ सामान्य रक्तदाब दाखवण्यापुरता आहे. ही गोष्ट आमच्या अहवालात पहिल्याच पानावर यायला हवी होती. ती शेवटी गेल्यामुळे सारी मेहनत वाया गेली असे आपल्याला वाटले असेल, आणि तो दोष माझा आहे.

उंदरांचा पुरवठादार व उपवंश यांची नोंद पद्धतीच्या प्रकरणात करावी आणि जनुकाबद्दलचे विधान ‘फरक आढळला’ एवढ्यावर ठेवावे, ही विनंती. सुधारित प्रकरण घेऊन गाइडसरांसह आपण कोणत्याही शनिवारी या. मी स्वतः ते वाचेन आणि त्याचे शुल्क घेणार नाही.