म्हणे, पाळणाघरात लळा लावू नये!

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सकाळी कोथरूडच्या गटावर दिसला, संध्याकाळी वाकडच्या मैत्रिणीनेही तोच पाठवला. सार असं: रडल्या रडल्या उचलणारी मावशी बाळाला बिघडवते, एकाच मावशीचा लळा लागला तर बाळ आईला विसरतं, म्हणून मावश्या बदलत ठेवणारं पाळणाघर निवडा, दोन वर्षांखालच्या मुलांना काही कळत नाही, तेव्हा ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ बघा, आणि कॅमेरे असले की निर्धास्त व्हा.

मी स्वतः पाळणाघर चालवते, म्हणजे यात माझा स्वार्थ आहे. तो धरूनच पुढचं वाचा.

‘उचललं की हाताची सवय लागते.’ हे आपल्याकडच्या आज्याही म्हणतात, फक्त म्हणता म्हणता बाळाला उचलून घेतात. 1972 मध्ये मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल या मानसशास्त्रज्ञांनी बाल्टिमोरमधल्या बाळांच्या घरी जाऊन केलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या रडण्याकडे सुरुवातीच्या महिन्यांत आयांनी पटकन लक्ष दिलं, ती बाळं वर्षाच्या अखेरीला कमी रडत होती. पुढे त्यावर वाद झाले. प्रत्येक कुरकुरीला धावायची गरज नाही, असं म्हणणारेही निघाले. ते मलाही पटतं. झोपेत कुणी कुंईकुंई केलं तर आमच्या मावशीही क्षणभर थांबतात. पण कळवळून रडणाऱ्या पोराकडे ‘शिस्त’ म्हणून पाठ फिरवायची, हे कुठून आलं?

आता लळ्याचं. या मजकुरातला सगळ्यात घातक भाग हाच. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास बाळ ओळखीचं आणि परकं यांत फरक करायला लागतं आणि नेमकं त्याच वयात पुष्कळ आयांची रजा संपलेली असते. अशा वेळी दर महिन्याला नवा चेहरा समोर आला, तर त्याने कुणाच्या खांद्यावर मान टाकायची? आणि आईला विसरायचं म्हणाल, तर आत्या, काकू, आजी अशा चार-चार जणींच्या अंगाखांद्यावर वाढलेली मुलं आईला विसरली का? अमेरिकेत 1991 पासून तेराशेहून जास्त मुलांचा मागोवा घेणारा मोठा अभ्यास झाला. 1997 मध्ये त्यातून निघालं ते असं, की बाळ दिवसभर दुसऱ्याकडे राहतं एवढ्यानेच आईशी असलेलं नातं डळमळत नाही. आईचाही प्रतिसाद तुटपुंजा आणि त्यात सांभाळ निकृष्ट किंवा सतत बदलणारा, अशी जोडी जमली की मात्र धोका वाढतो. म्हणजे हा मजकूर ज्याची शिफारस करतो, ते धोक्याच्या यादीत आहे.

‘काही कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा डायपर बदलताना बघावं. आमच्या एक मावशी हात लावण्याआधी बाळाच्या डोळ्यांत बघून म्हणतात, “आता पाय वर करू या हं,” आणि थांबतात. घाई असली तरी थांबतात. काही आठवड्यांनी बाळ त्या वाक्याला आपणहून पाय उचलायला लागतं. हा काही आमचा शोध नाही. बुडापेस्टमध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. एमी पिकलर यांनी 1946 मध्ये काढलेल्या शिशुगृहात हीच रीत होती: ठरलेली दाई, आणि आंघोळ, कपडे, जेवण यांत बाळाला सहभागी करून घेणं. भरवतानाही तेच. मऊ भाताचा घास जिभेने बाहेर ढकलला म्हणजे ‘पुरे’. तो निरोप न ऐकता दुसरा घास कोंबला, तर नंतरच्या अ‍ॅक्टिव्हिटीच्या रंगीत कागदांना काय अर्थ? शाळापूर्व तयारीबद्दल तर बोलायलाच नको. दीड वर्षाच्या मुलाचा ‘अभ्यासक्रम’ मागणारे पालक भेटतात.

राहता राहिले कॅमेरे. असू द्यात, आमच्याकडेही आहेत. कुणी मारलं तर ते दिसेल. पण मावशी बाळाकडे न बघता भरवतेय का, हे छताच्या कोपऱ्यातून कळत नाही. त्यापेक्षा विचारा: तान्ह्या बाळांना एका मावशीमागे किती जण? अमेरिकेतल्या बालशिक्षण संघटनेच्या निकषात जास्तीत जास्त चार आहेत. मावशी रजेवर गेल्या तर कोण असतं, आणि त्या व्यक्तीला बाळ ओळखतं का? पहिले काही दिवस आईला सोबत बसू देता का? तुमच्या कंपनीतच पाळणाघर असेल, तर दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनेच दिली, ती वापरा.

आणखी एक विचारा, जरा अवघड आहे: मावशींना पगार किती देता? चांगल्या मावशी टिकत नाहीत त्या बहुतेक वेळा याच कारणाने. कॅमेऱ्यांसाठी फी वाढवली तेव्हा आमच्याकडे कुणी हूं की चूं केलं नाही. मावशींच्या पगारासाठी वाढवली, तेव्हा गटावर निषेधाचे तीन परिच्छेद आले.