लेयाला आई आठवते कशी?

दर वर्षी ४ मे, म्हणजे 'स्टार वॉर्स' दिवस, जवळ आला की या चित्रपटमालिकेच्या चाहत्यांत एक दावा नव्याने फिरू लागतो. त्याचं सार असं: मालिकेचा कर्ता जॉर्ज लुकास याने १९७७च्या, म्हणजे पहिल्या चित्रपटाच्या, आधीच सहाही भागांची कथा पक्की केली होती, नायक ल्यूकचा गुरू ओबी-वान कधीच खोटं बोललेला नाही, मूळचे तीन चित्रपट आणि पूर्वकथेचे तीन यांत जी विसंगती वाटते तिचं उत्तर चित्रपटांतच दिलेलं आहे, आणि ज्याला ते दिसत नाही त्याने नीट पाहिलेलं नाही. मी नीट पाहिलंय. इतक्यांदा, की घरचे आता 'पुन्हा तेच?' असंही विचारत नाहीत.

'सगळं आधीच ठरलं होतं' हे आधी घेऊ. दुसऱ्या चित्रपटाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट यांनी १९७८च्या फेब्रुवारीत लिहून दिला. त्यात ल्यूकला त्याच्या वडिलांचं भूत भेटतं आणि खलनायक डार्थ वेडर हा निराळाच माणूस असतो. पुढच्याच महिन्यात ब्रॅकेट वारल्या, लुकास स्वतः लिहायला बसला आणि त्यानंतर वेडर ल्यूकचा बाप झाला. हे आधीपासून मनात होतं, तर आपल्याच लेखिकेपासून कशाला लपवायचं? पहिल्या चित्रपटावरची 'एपिसोड चार', म्हणजे कथाक्रमातला चौथा भाग, ही पाटीसुद्धा १९७७मध्ये पडद्यावर नव्हती. ती लागली १९८१च्या पुनर्प्रदर्शनात. आणि १९८०च्या, म्हणजे दुसऱ्या चित्रपटात राजकन्या लेया ल्यूकचं चक्क ओठांवर चुंबन घेते. ही दोघं जुळी भावंडं आहेत हे ठरलं असतं, तर तो प्रसंग कोणी लिहिला असता?

ओबी-वानचं प्रकरण जास्त मजेदार आहे. वेडरने तुझ्या वडिलांना मारलं, असं तो ल्यूकला सांगतो. पुढे १९८३च्या चित्रपटात खुलासा मागितल्यावर भूतरूपातले हे गुरुजी ओंडक्यावर बसतात आणि म्हणतात की एका विशिष्ट दृष्टीने पाहिलं तर ते खरंच होतं. आपल्याकडे याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात, आणि तेवढ्यासाठी धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला होता. बरं, हेही सोडून देऊ. पण लाइटसेबरचं, म्हणजे त्या प्रकाशाच्या तलवारीचं काय? झोपडीत पेटी उघडून ओबी-वान ती तलवार ल्यूकच्या हातात देतो आणि सांगतो, तू मोठा झालास की ही तुला मिळावी अशी तुझ्या वडिलांची इच्छा होती. पूर्वकथेच्या २००५च्या चित्रपटात आपण काय पाहतो? हातपाय तुटलेला ॲनाकिन, म्हणजे ल्यूकचा बाप आणि पुढचा वेडर, लाव्हाच्या काठावर जळतोय, मला तुझा तिरस्कार वाटतो म्हणून ओरडतोय, आणि ओबी-वान खाली पडलेली तलवार उचलून निघून जातो. ल्यूक तर तोवर जन्मलेलाही नाही. इच्छा कसली नि काय कसली. हे पोराला बरं वाटावं म्हणून मारलेली सरळ सरळ थाप आहे, आणि मला तरी त्यामुळे म्हातारा जास्त आवडतो.

सगळी ठिगळं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. जुन्या चित्रपटांत ओबी-वानचा गुरू म्हातारा योडा, पूर्वकथेत क्वाय-गॉन; मग त्याला शिकवलं कोणी? २००२च्या चित्रपटात योडा चिमुरड्या जेडायांचा, म्हणजे होऊ घातलेल्या योद्ध्यांचा वर्ग घेताना दिसतो. म्हणजे बालवर्ग योडाकडे, पुढचं शिक्षण दुसऱ्या गुरूकडे. पटलं. आपल्या मालकीचा ड्रॉइड असल्याचं आठवत नाही, असं आर-टू या यंत्रमानवाकडे बघत ओबी-वान म्हणतो, तेही शब्दशः खरं: आर-टू आधी ल्यूक-लेयाची आई पद्मे हिच्या पदरी होता, मग ॲनाकिनच्या. ओबी-वान साकारणाऱ्या ॲलेक गिनेस यांच्या चेहऱ्यावरचा तो मिश्किल भाव जणू याचसाठी होता, असं वाटायला लागतं. पण गिनेस यांना १९७६च्या चित्रीकरणात हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. हा टाका नंतर घातला गेला, आणि तो इतका बारीक आहे की दिसत नाही. याचं श्रेय सुई चालवणाऱ्यांना, म्हणजे बऱ्याच अंशी चाहत्यांनाच आहे. ते उचलून 'लुकासची योजना' या खात्यावर जमा करणं, यालाच माझा मुख्य आक्षेप आहे.

आता तो टाका, जो बसतच नाही. १९८३च्याच चित्रपटात एंडोर या चंद्रावर रात्र झालीय, इवॉक या जंगली जमातीच्या झाडावरच्या वस्तीत लाकडी पुलावर ल्यूक लेयाला विचारतो, तुला आई आठवते का, तुझी खरी आई? ती म्हणते, थोडीशी. मी अगदी लहान असताना गेली. सुंदर होती, मायाळू, पण दुःखी. २००५च्या चित्रपटात मात्र पद्मे जुळ्यांना जन्म देऊन तिथल्या तिथे प्राण सोडते.

यावर दोन खुलासे दिले जातात. पहिला: लेया तिला वाढवणाऱ्या पालक आईबद्दल बोलतेय. पण ल्यूकने 'खरी' हा शब्द मुद्दाम वापरलाय. दुसरा: 'फोर्स' या गूढ शक्तीमुळे आठवतं. मग आधी जन्मलेल्या, योडाच्या हाताखाली तयार झालेल्या ल्यूकला का नाही आठवत? तो तर त्याच पुलावर सांगतो की मला आईची काहीच आठवण नाही. नवजात मुलीला काही क्षणांत आईचं दुःख कळलं आणि शेजारच्या भावाला नाही, हा बादरायण संबंध माझ्याच्याने जुळवला जात नाही.

लुकासच्या हातात कात्री नव्हती असंही नाही. २००४च्या डीव्हीडीत त्याने याच १९८३च्या चित्रपटाच्या शेवटी म्हाताऱ्या ॲनाकिनचं, म्हणजे सेबॅस्टियन शॉ यांचं, भूत काढून तिथे पूर्वकथेतला तरुण ॲनाकिन हेडन क्रिस्टेन्सन बसवला. २०११च्या ब्लू-रेमध्ये वेडरच्या तोंडी नवा 'नो' घातला. पुलावरची लेयाची ती चार वाक्यं मात्र अजून तशीच आहेत.